आधी टायर, मग स्प्रिंग

लेख आवडला, पण ह्युंदाईच्या आय-20 एन लाइनला 'आधी 17 इंची अलॉय चाकं आणि गाडी 30 मिमी खाली बसवणारे स्प्रिंग' हा त्यातला सल्ला काही पटला नाही बुवा. मूळ 195/55 आर16 टायरची भिंत (रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची) 107 मिमी, 205/45 आर17 ची जेमतेम 92. चाकाचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, स्पीडोमीटर फसत नाही, कबूल. पण रबराची गादी गेली की आमच्या इंदूरच्या पावसाळी खड्ड्यांत रिम वाकायला कितीसा वेळ? त्यात स्वस्तातले अलॉय बहुधा जड, म्हणजे चाक आणखीनच आदळतं. त्यापेक्षा त्याच मापाचे उत्तम टायर घाला, फरक पहिल्याच वळणाला कळतो. (इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात नको, तिथे ट्रकमागे रांगण्यातच जन्म जातो.)

स्प्रिंग बदलायचेच तर शॉकअब्जॉर्बरही जुळणारे घ्या. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकाच खांबात. गाडी फार खाली घेतली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) उलटा झुकतो आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्य उतरतो त्यापेक्षाही जास्त उतरतो; दोघांतलं अंतर वाढतं. दिसायला रस्त्याला चिकटलेली, वळणावर कलायला मोकळी!

आणि मेकॅनिकदादांच्या शेजारी उभे राहा. लोअर आर्मच्या बुशचा (सांध्यातल्या रबरी नळीचा) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पक्का आवळू देऊ नका, चाकांवर वजन आल्यावरच आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांची अलाइनमेंट त्यानंतर.