पक्षाला पैसे कोण देतं, हे मतदानाच्या आधी कळलं पाहिजे

निवडणूक रोखे म्हणजे पक्षाला नाव गुप्त ठेवून देणगी देण्यासाठी स्टेट बँकेकडून विकत घ्यायचे कागद; पक्ष ते वटवून पैसे घ्यायचा. हा विषय आता शिळा झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं योजना रद्द केली, याद्या बाहेर आल्या, टीव्हीवर चार दिवस आरडाओरडा झाला आणि मग लोकसभेची धामधूम सुरू झाली. माझ्या डोक्यातून मात्र तो विषय जात नाही. जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं संकेतस्थळावर टाकलेल्या त्या पीडीएफ मी चाळल्या आहेत. शेकडो पानं. एका यादीत खरेदीची तारीख, खरेदीदाराचं नाव आणि रक्कम. दुसरीत वटवल्याची तारीख, पक्षाचं नाव आणि रक्कम. एकाच कंपनीचं नाव एकाखाली एक, पानंच्या पानं, आणि ओळीमागून ओळीत १,००,००,०००. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तरी कोणाचे पैसे कोणाकडे गेले ते कळायचं नाही, कारण रोख्यांचे क्रमांकच दिलेले नव्हते. न्यायालयानं स्टेट बँकेला पुन्हा खडसावलं, तेव्हा २१ मार्चला क्रमांक आले. एक कोटीच्या रोख्यावर ‘ओसी’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा. तो आकडा या यादीत धरायचा, त्या यादीत शोधायचा. तेव्हा कुठे देणारा आणि घेणारा एका ओळीत दिसायला लागले.

याच बँकेनं आधी न्यायालयाकडे ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. लोकसभेचा निकाल होता ४ जूनला! म्हणजे सगळा देश मत देऊन मोकळा झाल्यावर त्याला माहिती मिळाली असती. मला सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा, आणि तो अजून गेलेला नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२४ या काळात भाजपला ६,००० कोटींहून जास्त, तृणमूल काँग्रेसला साधारण १,६०० कोटी, काँग्रेसला १,४०० कोटींच्या वर, तेलंगणाच्या भारत राष्ट्र समितीला १,२०० कोटींच्या वर. सगळ्यात मोठी खरेदीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, १,३६८ कोटी. म्हणजे हा एकाच पक्षाचा प्रश्न नाही. जो जिथे सत्तेत, तिथे त्याच्याकडे ओघ. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं रोखे घेतले नाहीत आणि योजनेविरुद्ध न्यायालयातही गेला. त्याची बाकीची धोरणं मला पटत नाहीत, पण याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

ही योजना आली २०१७ च्या वित्त विधेयकातून. त्याआधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते हिशेबात दाखवावं लागायचं. दोन्ही अटी काढून टाकल्या. तोट्यातली कंपनीसुद्धा वाटेल तेवढे पैसे देऊ शकेल, अशी सोय झाली. रिझर्व्ह बँकेनं हरकत घेतली, निवडणूक आयोगानं हरकत घेतली, तरी योजना रेटली. सरकारचं म्हणणं असं, की नाव उघड झालं तर दुसरा पक्ष सत्तेवर आल्यावर देणगीदारावर सूड उगवेल. ही भीती खोटी नाही. धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा. पण रोखे विकणारी बँक सरकारी, नोंदी तिच्याकडे, आणि रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा छुपा क्रमांक आहे हे २०१८ मध्येच एका पत्रकार महिलेनं प्रयोगशाळेतून तपासून दाखवलं होतं. मग गुप्तता कोणापासून? देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. अंधारात राहिला तो मत देणारा. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं योजना घटनाबाह्य ठरवली, ती मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवूनच.

या हक्काची किंमत काय, ते आपल्याकडच्याच उदाहरणावरून बघा. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम. मेघा इंजिनिअरिंग या कंपनीनं ११ एप्रिल २०२३ ला १४० कोटींचे रोखे घेतले. पुढच्याच महिन्यात सुमारे १४ हजार कोटींच्या या कामात सगळ्यात कमी बोली याच कंपनीची ठरली. रोख्यांमुळे काम मिळालं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. निविदा रीतसर झालेली असू शकते. पण एखाद्या ठाणेकराला त्या वेळी सरकारला प्रश्न विचारायचा असता, तर त्याच्या हातात काय होतं? काहीच नाही. ते कळलं ११ महिन्यांनी, तेही न्यायालयानं हिसकावून घेतलं म्हणून. आणि कंपनीचे हात स्वच्छ असतील, तर तिच्यावरही हा अन्यायच आहे. संशयाचं सावट फुकट तिच्या माथी आलं.

हा धोका आजचा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात, म्हणजे कंपनीला काय करता येतं ते ठरवणाऱ्या दस्तात, बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. चगला. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे त्यांना परवानगी द्यावी लागली. पण निकालात त्यांनी बजावलं, की हा धोका वाढत जाऊन पुढे या देशातल्या लोकशाहीचा गळा घोटू शकतो, आणि संसदेनं यात लक्ष घालावं. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. बंदीच्या काळात पैसा थांबला नाही, टेबलाखालून गेला. म्हणून मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही.

खरी मेख खर्चात आहे. आपल्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा, विधानसभेला ४० लाखांची. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरा. सरकारनं लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. आणि उमेदवाराची मर्यादा तरी कोण पाळतं? २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या जाहीर कार्यक्रमात बोलून गेले होते, की २००९ च्या निवडणुकीत आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगानं नोटीस काढली, गदारोळ झाला. मुंडे बोलले म्हणून ते एकटे सापडले, बाकीचे बोलत नाहीत एवढाच फरक.

खाली गल्लीतही हेच चालतं. आमच्या भागात तिकीटवाटपाच्या वेळी काम, जनसंपर्क, अभ्यास वगैरे नंतर येतं. आधी विचारतात, खर्च झेपेल का? झेपत नसेल तर मागे कोण आहे? तो ‘मागे असलेला’ बहुतेकदा बिल्डर असतो नाहीतर रस्त्या-गटारांचा ठेकेदार. गाड्या त्याच्या, फ्लेक्स त्याचे, जेवणावळी त्याच्या. पाच वर्षं नगरसेवक कोणाचा फोन पहिल्यांदा उचलणार, हे त्या जेवणावळीतच ठरतं. वीस-वीस वर्षं वॉर्डात राबलेले, पण खिसा रिकामा असलेले कार्यकर्ते मी बघितले आहेत. त्यांचं नाव यादीपर्यंत पोचतच नाही. आपल्यापुढे येतात ते परवडलेले उमेदवार, आणि त्यातून आपण ‘निवड’ करतो.

दुसरा रस्ता नाहीच असं नाही. हातकणंगल्यात २००९ ला राजू शेट्टींसाठी ऊस उत्पादकांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत वर्गणी काढली आणि त्यांना लोकसभेत पाठवलं. २०१४ ला पुन्हा निवडून दिलं. नंतर ते हरले, हेही खरं. पण ज्यांनी दहा-पन्नास रुपये दिले, त्यांना शेट्टींना जाब विचारायला कुणाची चिठ्ठी लागत नव्हती.

आज रोखे नाहीत, पण २०१३ पासूनचे इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना. नावं जाहीर होतात, हे रोख्यांपेक्षा बरं. पण पैसे एका भांड्यात ओतल्यावर कोणाचे कोणाकडे गेले ते पुन्हा धूसर होतं, आणि अहवाल येतो आर्थिक वर्ष संपल्यावर, तोवर मतदान उरकलेलं असतं. शिवाय २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव सांगायचं बंधन पक्षावर नाही. मोठी रक्कम तुकडे करून घ्यायला याहून सोपी वाट कुठली?

मला तीन गोष्टी हव्या आहेत. ठरावीक रकमेच्या वरची प्रत्येक देणगी आठवड्याच्या आत नावासकट आयोगाच्या संकेतस्थळावर यावी. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा असावी. आणि पक्षांचे हिशेब त्यांनी स्वतः नेमलेल्या नव्हे, तर स्वतंत्र लेखापरीक्षकानं तपासावेत. यातलं एकही मागणं कुठल्याच मोठ्या पक्षानं निवडणुकीचा मुद्दा केलेलं नाही.

रोख्यांच्या देवघेवीची विशेष पथकाकडून चौकशी व्हावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. योजना घटनाबाह्य ठरली, पण तिच्यातून आलेले पैसे पक्षांकडेच राहिले. पुढच्या वेळी कोणीही उमेदवार दारात आला, की मी विचारणार आहे: तुमच्या पक्षाचे सगळ्यात मोठे दहा देणगीदार कोण? तुम्हीही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली पक्षाच्या नावासकट लिहा.