टक्

भिलारहून येताना दोन किलो स्ट्रॉबेरी घेतली. वाईचा घाट उतरेपर्यंत खोक्याच्या तळाशी जॅम आपोआप सुरू झाला होता, मी फक्त तो पुढे न्यायचं ठरवलं.

"मुरांब्याला कुणी एवढा घाम गाळतं का?" आई म्हणाली. "पक्का पाक करायचा, बरणीला दादरा बांधायचा, वर्षभर बघायला नको." खरं आहे, पण तिच्या मुरांब्यात साखर एवढी असते की बुरशीलाही मधुमेह होईल. मी दीड किलोवरच थांबलो होतो, म्हणजे बाटल्या हवाबंद करणं आलं.

मित्र म्हणाला, गरम जॅम भर आणि बाटली उलटी ठेव. ठेवली. ओट्यावर लाल तळं झालं. शेजारच्या आजी म्हणाल्या, वरून मेण ओत. पण मेण गार झालं की आकसतं आणि कडेनं बुरशीला वाट करून देतं. बायको म्हणाली, "कुकरच्या तीन शिट्ट्या काढ." मी तिला ऐकवलं की दाबाची भानगड फरसबी-मटारसारख्या आंबट नसलेल्या जिनसांसाठी, तीही घरातल्या भाताच्या कुकरमध्ये नव्हे, लिंबू पिळलेल्या जॅमला उकळतं पाणी पुरतं. व्याख्यान संपेपर्यंत जॅम बुडाला लागला. थोडाच.

शेवटी मोदकांचं पातेलं काढलं. तळाशी पंचा, त्यावर सात बाटल्या, झाकणं नवी कोरी, वर इंचभर पाणी. समुद्रकाठी पाच मिनिटं खळखळ पुरते; पुणं साडेपाचशे मीटरवर, इथं पाणी शंभराच्या आधीच उकळतं, म्हणून दहा मिनिटं. इथवर शास्त्र. पुढे सांडशी! ती पातेल्याचा काठ धरायला जन्मलेली. गोल, ओली, कढत बाटली तिच्यातून साबणासारखी निसटते. दोन बोटं भाजली, पंचा कायमचा गुलाबी झाला.

मग वाट बघणं. बाटली निवताना झाकण आत ओढलं जातं आणि 'टक्' वाजतं. साडेअकरापर्यंत सहा वाजल्या. सातवी गप्प. बोटानं दाबली की झाकण खाली-वर. मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो.

"झोप आता," बायको आतून म्हणाली. "ती काय बाळंत होणार आहे?"

सातवी फ्रीजमध्ये गेली आणि चार दिवसांत संपली. चव झकास होती. उरलेल्या सहा कपाटात ओळीनं उभ्या आहेत. उघडायचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. एवढ्या कष्टानं मिळवलेला टक् कसा मोडायचा?

काल पोरानं पोळीला जॅम मागितला. मी पिशवी घेऊन वाण्याकडे गेलो.