बुटांना शेक

काल रात्री साडेनऊला समोरच्या काकूंनी माझ्या तळहातावर वीस रुपयांची नोट ठेवली, माझीच बोटं मिटून मूठ बंद केली आणि म्हणाल्या, "लाइटबिलाचे रे. उरतील ते खाऊला ठेव."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. खाऊ मला डॉक्टरांनी बंद केलाय.

अपमान नक्की केवढ्याचा झाला ते बघायला मी रात्री अंथरुणात पडून हिशोब केला. बॅग १२० वॅटची. तीन तास चालली, म्हणजे ०.३६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी वीज झाली ३ रुपये ६० पैशांची. बाकी १६ रुपये ४० पैसे खाऊ. काकूंनी कमी दिले असते तर निदान भांडता आलं असतं.

बॅग कसली, तर स्कीच्या, म्हणजे पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायच्या बुटांची, विजेवर गरम होणारी. हो, बोरिवलीत. हसून घ्या, मी थांबतो.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या चौघांच्या नादाने फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो. ते चौघे परत येऊन शहाण्यासारखे सगळं विसरून गेले, खूळ लागलं ते मला. भाड्याच्या बुटात आपल्याआधी येऊन गेलेल्या यच्चयावत पर्यटकांचा घाम असतो, म्हणून स्वतःचे बूट घेतले. स्कीचा बूट म्हणजे आत जाड गुबगुबीत मोजा आणि बाहेर प्लास्टिकची बादली, वर आवळायला चार कड्या. आमच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर जोडी चार किलो भरली. रात्रभर थंडीत राहिलं की ते प्लास्टिक दगड होतं. आतला मोजा कालच्या घामाने ओला, त्यामुळे गार. सकाळी बुटाचं तोंड म्हणून फाकत नाही. मी पलंगावर, एकाने मागून माझ्या काखेत हात घातलेले, हॉटेलातला मुलगा पुढून बूट धरून गुडघ्यावर, अशा अवस्थेत एकदाचा पाय आत गेला आणि मग लक्षात आलं, उजवा पाय डाव्यात गेलाय.

त्यावर उपाय ही बॅग. निघण्याआधी तासभर बूट त्यात ठेवले की प्लास्टिक मऊ पडतं, पाय सुळकन आत जातो. तीन महिने मी दुसरं काही वाचलं नाही. काही बॅगा फक्त तळाशी तापतात, म्हणजे तळव्याला चटका आणि घोट्याला हिमालय. काहींना दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतात. हेल्मेटला वेगळा कप्पा हवा, पाठीला पट्टे हवेत, बर्फ वितळून खाली साचणाऱ्या पाण्याला वाट हवी, उष्णतेला एक-दोन-तीन असे नंबर हवेत. न्यू जर्सीच्या मेहुण्याला मी चौदा फोन केले. तेराव्या फोनला तो म्हणाला, "दाजी, ताईला मागणी घालताना तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती." साठ लिटरची, दोन्ही बाजूंनी तापणारी, राखाडी रंगाची बॅग आली.

व्होल्टेज बघायचं राहिलं होतं.

बॅग अमेरिकन, १२० व्होल्टची. आपल्या भिंतीत २३०. मेहुण्याचं म्हणणं, मोबाइलचा चार्जर चालतो की दोन्हीकडे! चार्जर तसा बनवलेला असतो बाबा, तापणाऱ्या तारेला ती अक्कल नसते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने बॅग उलटीपालटी केली आणि पाच सेकंदांत निकाल दिला, "व्होल्टेज डबल, गर्मी चौगुनी. डायरेक्ट लगाया तो बूट का भजिया बनेगा, साहब." पठ्ठ्याचं गणित बरोबर होतं, काटेकोर आकडा पावणेचारपटीच्या किंचित खाली येतो. त्याने मला २३०चे १२० व्होल्ट करणारा एक ट्रान्सफॉर्मर दिला. पाट्यावरचा वरवंटा काळ्या डब्यात घातला तर जेवढा जड होईल तेवढा. चालू असला की 'हुंऽऽ' करत बसतो. तो वरवंटा मांडीवर घेऊन ग्रँट रोड ते बोरिवली स्लो गाडीने आलो आणि पुढच्या फेब्रुवारीत तोच गुलमर्गला नेला. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, तेवढ्यात बॅग तिच्या गाडीसाठीच्या वेगळ्या वायरने १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावावी म्हटलं, तर तिथे ड्रायव्हरचा मोबाइल. त्याने बॅगेकडे बघितलं, मग फेरनच्या, म्हणजे काश्मिरी झग्याच्या आत पोटाशी धरलेली कांगडी, निखाऱ्यांची टोपली, जरा सावरली आणि काही न बोलता काच पुसली. हॉटेलात वीज जायची, यायची. खाली दिवाणखान्यात बुखारी, म्हणजे लाकडांवर पेटणारी उभी शेगडी, धडधडत होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर सगळ्या जगाचे बूट ओळीने शेकत बसले होते. मी वर खोलीत अंधारात बॅग, बूट आणि वरवंटा घेऊन वाट बघत होतो.

एकूण दोन वेळा, मिळून नऊ दिवस स्की. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा जातो त्या अफरवट डोंगराच्या उतारांवर मी पाऊलही टाकलेलं नाही. माझं सगळं कर्तृत्व खालच्या मैदानात, सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर.

मग पावसाळा आला.

पावसाळ्याबद्दल मला चार शब्द बोलायचेत, ते विनोदात धरू नका. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईच्या टक्केवारीची बातमी येते. टक्केवारी दणदणीत. जूनमध्ये पहिली जोरदार सर पडते आणि अंधेरी सबवे बंद. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही, तसं आभाळ फाटल्यावर कोण काय करणार. मला राग येतो तो मंगळवारी पडणाऱ्या साध्या पावसाचा. तासभर पडतो आणि मी कातडी बूट घालून पोटरीभर पाण्यात उभा, पाण्यात काय काय आहे ते माहीत असूनही. ते बूट मग चार दिवस वाळत नाहीत. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा, फ्रिजच्या मागे ठेवा. पाचव्या दिवशी त्यावर हिरवट मखमल उगवते. तीन हजारांचे बूट दोन पावसाळे काढत नाहीत आणि कर आम्ही वेळेवर भरतो. असो.

तर जुलैत एका रात्री वैतागून मी ऑफिसचे बूट त्या बॅगेत टाकले. चेन दोन बोटं उघडी ठेवली, कारण बंद पिशवीत नुसती ऊब दिली तर बूट वाळत नाहीत, उकडतात. वाफेला बाहेर जायला वाट लागते. गुलमर्गची हवा तापवली की पापडासारखी कोरडी होते. मुंबईची हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली, तिला फार घाई नसते, आणि बुटातून निघालेली वाफ जाते कुठे तर शेजारच्या शर्टात. तरी सकाळी बूट कोरडे होते. कोरडे! मी बायकोला उठवून दाखवले.

लिफ्टमध्ये काकू होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग परत पायांकडे. जुलैत मुंबईत कोरडे बूट म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता. मी तळमजला येईपर्यंत तग धरला आणि मग सगळं ओकलो.

काल संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात काकू, हातात नातवाचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, पाणी ठिबकतंय. "उद्या पीटी आहे त्याची. तुझ्या त्या पिशवीत टाक." मी चड्डीत होतो तेव्हापासून काकू मला ओळखतात, आणि मी अजून चड्डीतच आहे अशा समजुतीने बोलतात.

बॅग दिवाणखान्यात आणली, वरवंटा जोडला.

"हे हुं हुं कोण करतंय?"

"ट्रान्सफॉर्मर आहे, काकू."

"बरं वाटत नाहीये का त्याला?"

बूट एका बाजूला ठेवले, नंबर एकवर केला आणि बजावून सांगितलं, काकू, एकच ठेवायचा, जास्त उष्णता दिली तर सोलचा गोंद सुटतो. काकूंनी आत हात घातला. तो आतच राहिला. चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला वाटलं आता या डोळे मिटतील.

"अगोबाई. हे तर शेक घ्यायचं आहे."

"नाही काकू, बुटांसाठी आहे."

"बुटांना शेक? का, त्यांना संधिवात आहे?"

मी समजावलं. थंडी, बर्फ, प्लास्टिक कडक होतं, पाय आत जात नाही.

"मग एक नंबर मोठे घ्यायचे."

इथे मी चुकलो. इथे मी "हो" म्हणायला हवं होतं. मी सांगत बसलो की सैल बुटात पाय हलतो, मग पाय वळवला तरी बुटाखालची स्कीची पट्टी वळत नाही, म्हणून माप घट्टच लागतं. ते सेंटिमीटरमध्ये असतं, माझं २६.५. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, दहावीचा निकाल सांगायला गेलो होतो तेव्हा ऐकलं होतं तसंच.

"म्हणजे मुद्दाम घट्ट घ्यायचे, मग जात नाहीत म्हणून तापवायचे."

"हो, पण..."

"आणि घसरायचं."

"हो."

"किती दिवस घसरलास?"

"नऊ."

"केवढ्याची ही?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. घरात अधिकृत माहिती अशी आहे की बॅग मेहुण्याने भेट दिली. मी म्हटलं, भेट आहे, काकू. भांडी परत वाजू लागली, पण पहिल्यापेक्षा जरा जोरात.

मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सोफ्यावर बसून दोन्ही पाय बॅगेत घातले. मी काही म्हणायच्या आत. आता बॅगेत डावीकडे नातवाचे बूट, मध्ये काकू. पोतं-शर्यतीत उतरलेल्या आणि शिट्टीची वाट बघणाऱ्या स्पर्धकासारख्या त्या माझ्या घरात बसल्या होत्या. माणसाने ओले पाय घालून विजेवरच्या वस्तूत बसू नये, असं मी म्हणालो. "पुसलेत," म्हणाल्या. सातची मालिका लागली. ती संपली. साडेसातची लागली. मधे मी फोन घ्यायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी नातवाला हाक मारून वर्षाच्या उडदाच्या पापडांचा डबा मागवला. "सादळलेत रे. तुझ्या त्या टोपीच्या कप्प्यात राहतील."

"काकू, बुटांच्या बॅगेत पापड?"

"तू कुठे वापरलीयस? नऊ दिवस. नवीच आहे की."

हे लागलं. बायको स्वयंपाकघरात हसली, तेही लागलं. जानेवारीत पारा सोळावर आला की माझ्या बिल्डिंगमध्ये कानटोप्या निघतात. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंशांचा, तोसुद्धा १९६२च्या जानेवारीतला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. अशा गावात मी जपून, पुसून, आत कापूर ठेवून ही बॅग माळ्यावर ठेवायचो, आणि पन्नास मिनिटांत काकूंना तिचे तीन उपयोग सापडले. चौथाही त्यांनी जाता जाता सांगितला. जानेवारीत इडलीचं पीठ फुगत नाही.

साडेनऊला त्या उठल्या. गुडघे मोडून बघितले, वाजले नाहीत. बूट घेतले, पापड घेतले, त्यातला एक माझ्या हातात कडकन मोडून दाखवला. मग ती नोट.

मी घेतली. पाय शेकून आलेल्या त्या चेहऱ्यापुढे नाही म्हणता येईना. दार लागल्यावर मात्र अशी चीड आली की नोट खिशातही ठेवली नाही, त्या टोपीच्या कप्प्यात कोंबली. आणि बघितलं तर नंबर तीनवर. गुडघ्यांना एक पुरला नसणार. माझेही बूट ओले होते, ते आत टाकले, नंबर एक केला आणि झोपलो.

आज सकाळी पावणेसातला बेल. काकू. हातात पांढरा बूट, सोल पुढून सुटून लोंबणारं, मासळी बाजारातल्या बोंबलासारखा आ वासलेला.

"तुझ्या पिशवीने केलं हे."

"काकू, तुम्ही तीनवर केलीत. मी एक सांगितलं होतं."

"मला काय ठाऊक गोंदाला चालत नाही ते?"

"सांगितलं होतं!"

"मालिकेत सांगितलंस तर मला कसं ऐकू येणार," म्हणाल्या, आणि मग हात पुढे केला. "ते वीस दे बघू. कोपऱ्यावरचा मोची तेवढेच घेतो."

रिक्षावाल्याशी, बँकेशी, मेहुण्याशी मी भांडू शकतो. आत गेलो, बॅगेची चेन उघडली, कप्प्यात हात घातला. पापडाच्या चुऱ्यातून नोट काढली. रात्रभरात ती इस्त्री केल्यासारखी कडक झाली होती आणि चांगली कोमट होती.

काकूंनी ती घेतली, नाकाशी नेली.

"हिंग जरा जास्तच पडलाय यंदा," म्हणाल्या, आणि बूट घेऊन लिफ्टकडे गेल्या.