मॅच-केस म्हणजे नुसता स्विच नव्हे

"पायथनमधलं मॅच-केस म्हणजे सी भाषेतला जुनाच स्विच. इफ-एल्सनं होतं तेच होतं, फक्त चार ओळी वाचतात." हे वाक्य प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांमध्ये सतत फिरत असतं. (स्विच आणि इफ-एल्स म्हणजे "असं असेल तर हे कर, नाहीतर ते" असं प्रोग्रामला सांगायच्या रचना.) नवशिके ते खरं मानून बसतात, म्हणून हा प्रतिवाद.

"स्विचच आहे." साध्या स्विचचा 2006 मधला प्रस्ताव पायथननं 2007 मध्ये फेटाळला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये 3.10 आवृत्तीत मॅच-केस आलं ते वेगळंच, त्याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात. स्विच किंमत ताडून बघतो, पॅटर्न मॅचिंग डेटाची घडण बघतं. केस ["जमा", रक्कम] एवढं लिहिलं की यादीत नेमके दोनच घटक आहेत का आणि पहिला "जमा" आहे का हे तपासलं जातं, आणि जुळलं तर दुसरा घटक "रक्कम" या नावानं हाती येतो. इफनं हेच करताना लांबी तपासायची राहिली, की प्रोग्राम चालता चालता कोसळू शकतो.

"नवी फॅशन आहे." एडिंबरात घडलेल्या होप या प्रोग्रामिंग भाषेत पॅटर्न मॅचिंग 1970 च्या दशकातलं. जावाच्या स्विचमध्ये ते 2023 साली, 21 व्या आवृत्तीत पक्कं झालं. उशीर जावाला झाला.

"ओळीच वाचतात." माझा खरा आक्षेप इथे आहे. समजा व्यवहाराच्या तीन अवस्था आहेत: यशस्वी, अयशस्वी, प्रलंबित. उद्या चौथी आली, "परतावा". इफ-एल्सच्या साखळीत ती गुपचूप शेवटच्या एल्समध्ये जाऊन पडते आणि ग्राहकाला "अयशस्वी" असा संदेश जातो. रस्ट या भाषेत ज्या मॅचमध्ये ही अवस्था हाताळलेली नाही, तो कंपाइलच होत नाही, म्हणजे प्रोग्राम चालवण्याजोगा तयारच होत नाही. कंपायलर (प्रोग्राम तपासून तयार करणारं साधन) राहिलेल्या अवस्थेचं नाव सांगतो. ("बाकी काहीही" असा अर्थ असलेली, सगळं गिळणारी अंडरस्कोरची (_) शाखा आधीच लिहून ठेवली असेल, तर मात्र हे संरक्षण आपणच घालवलेलं असतं.) पायथन स्वतःहून अशी हमी देत नाही, हे मान्य. वेग वाढत नाही हेही खरं, कारण तो केस वरून खाली क्रमानंच तपासतो. आणि वय 18 च्या वर आहे का, एवढंच बघायचं असेल तर इफच बरा.

पण "स्विचच आहे" या समजुतीनं प्रत्यक्ष नुकसान होतं. पायथनमध्ये केसपुढे आधी ठरवलेल्या स्थिरांकाचं (न बदलणाऱ्या किमतीचं) नुसतं नाव लिहिलं, तर तुलना होत नाही. येईल ती किंमत त्या नावात भरली जाते. ती केस शेवटची असेल तर एररही येत नाही, आणि वर न जुळलेलं सगळं तिथे जुळतं. स्विच समजून लिहिणारा नेमका इथेच फसतो.