‘मोठे इंजिन टाका, क्राऊन-पिनियनवर पैसे घालवू नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

साताऱ्यातल्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. मोठे टायर घातल्यावर गाडी चढाला दमत असेल, तर अ‍ॅक्सलचा रेशो बदलत बसू नका, त्याच पैशांत थोडी भर घालून मोठे इंजिन बसवा, असे त्यात म्हटले आहे. रेशो म्हणजे चाकांचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारी फिरती नळी, किती फेरे घेते तो आकडा; तो अ‍ॅक्सलमधल्या क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीवर ठरतो. ताकद आली की रेशोचा प्रश्नच उरत नाही, रेशो बदलला की मायलेज जाते आणि अ‍ॅक्सल कायमचा आवाज करू लागतो, इंजिन बदलल्याचे आरटीओकडे कोणी विचारत नाही, आणि रेशो बदलायचाच असेल तर आधी फक्त मागचा बदला, पुढचा सवडीने, अशी त्याला पुस्ती जोडलेली आहे. पाटणला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ‘मामा, हे वाचा’ म्हणून हा मजकूर मला पाठवला, तेव्हा तो एका जुन्या इंजिनासाठी विसार देऊन बसला होता. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण बाकीच्यांनी पैसा जाईल, याने माणूस जायबंदी होईल. जुन्या जीपमध्ये फोर-व्हीलचा दांडा टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद दोन्ही अ‍ॅक्सलना वाटणारी पेटी, पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टला एकमेकांशी घट्ट बांधते. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि मध्ये फरक सोसणारे काहीही नसते. आता मागे 4.88 आणि पुढे 4.27 असा रेशो असेल, तर मागची चाके 100 मीटर जातात तेवढ्यात पुढची चाके 114 मीटर जाऊ पाहतात. चिखलात चाके घसरून तो फरक निभावतात, परंतु कातळावर किंवा डांबरावर त्याला वाटच नसते. मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि ट्रान्सफर केस यांच्यात साठत जातो, दांडा अडकून बसतो आणि जो भाग सर्वांत कमकुवत असेल तो तुटतो. यवतेश्वरच्या घाटात पावसात अशी गाडी फोर-व्हीलमध्ये उतरवली, तर पुढची चाके सतत घसरत राहतील आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक वळणार नाही. हा सल्ला लिहिणाऱ्याने फोर बाय फोर गाडी खालून कधी पाहिली असेल, असे मला वाटत नाही. दोन्ही अ‍ॅक्सलचे रेशो एकाच वेळी बदलायचे असतात. दोन्हींचे पैसे जमेपर्यंत एकालाही हात लावू नये.

आता ताकदीविषयी. चाकापाशी पोहोचणारा जोर म्हणजे इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सल यांचे रेशो. 28 इंची टायर काढून 31 इंची टायर घातला की हा गुणाकार जवळपास दहा टक्क्यांनी घटतो, 4.27 चा अ‍ॅक्सल 3.86 सारखा वागू लागतो. इंजिनात काहीही बिघडलेले नसते. कराडकडे हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सुमारे पन्नास हॉर्सपॉवरचा असतो, आणि त्याहून जास्त हॉर्सपॉवरची मोटार त्यातली एक ट्रॉलीही शेतातून बाहेर काढू शकणार नाही, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही.

ज्यांना यंत्राचा इतिहास मान्य आहे त्यांनी जीपचाच इतिहास पाहावा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या अ‍ॅक्सलचा रेशो 4.88 होता. 1945 मध्ये त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए ही जीप काढली, तेव्हा इंजिन मुळात तेच साठ हॉर्सपॉवरचे ठेवले. अ‍ॅक्सल मात्र 5.38 चा केला, म्हणजे पिनियनला 8 आणि क्राऊनला 43 दात, आणि ट्रान्सफर केसचा लो (सावकाश पण जोराच्या गिअरचा) रेशो 1.97 वरून 2.43 वर नेला. गाडीला नांगर ओढायचा होता, म्हणून कारखान्याने गिअर बदलले. पुढे महिंद्राने मुंबईत ज्या जीपची जुळणी सुरू केली, ती याच घराण्यातली. जे काम खुद्द जीपच्या कर्त्यांनी अ‍ॅक्सलमध्ये केले, ते आज निरुपयोगी कसे ठरले, याचे उत्तर त्या संदेशात नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. गिअरने हॉर्सपॉवर वाढत नाही. भरलेली गाडी खंबाटकी घाटात वेगाने चढवायची असेल, किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशनच गेले असेल, तर रेशो बदलून फायदा होणार नाही. परंतु मोठे इंजिन म्हणजे नवे माउंटिंग, क्लच, रेडिएटर, वायरिंग, पुढच्या पाट्यांवर वाढलेले वजन आणि त्या वेगाला अपुरे पडणारे जुने ड्रम ब्रेक. शिवाय तो वाढीव टॉर्क ज्या जुन्या अ‍ॅक्सलमधून जाणार, तो आहे तसाच राहतो. ‘थोडी भर’ ती हीच.

मायलेजचा मुद्दा चटकन आटोपतो. मोठ्या टायरसाठी रेशो हिशेबाने बदलला, तर टॉप गिअरमधले इंजिनाचे फेरे जवळपास मूळ गाडीइतकेच राहतात. हिशेबापलीकडे गेलात तर हायवेवर तोटा होईल, हे खरे. आवाजाचा दोष मात्र बसवणाऱ्याचा आहे. क्राऊन आणि पिनियन हा जुळवलेला जोड असतो, तो जोडीनेच बदलतात. दातांना मार्किंग ब्लू लावून फिरवले की रंग पुसल्याचा ठसा दाताच्या मध्यभागी उमटला पाहिजे. तो टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला, तर शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा पाहायचे. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढील, डायल गेज या काट्याच्या मापकाने मोजायचा असतो, हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणायचे नसते. जो मिस्त्री डायल गेज लावत नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

कायद्याबाबत तो संदेश सरळ चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो. मोठ्या टायरांनाही या कलमातून सूट नाही, हे टायर घेण्याआधीच पाहावे.

खर्च करण्यापूर्वी आपल्या गाडीचा रेशो मोजून घ्यावा, विशेषतः अ‍ॅक्सल भंगारातून आणलेला असेल तर. गाडी सपाट जागी टू-व्हीलमध्ये आणि न्यूट्रलला ठेवून, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एकच चाक जॅकने उचलावे. शाफ्टवर खडूने खूण करून ते चाक पूर्ण दोनदा फिरवावे. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल, तो तुमचा रेशो. मग पुढच्या अ‍ॅक्सलचाही तसाच मोजावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर ते जुळवून घेईपर्यंत फोर-व्हीलचा दांडा टाकू नये.