वेंबनाड आपोआप आक्रसलं नाही

अलेप्पीच्या, म्हणजे अलप्पुळाच्या, हाऊसबोटीत बसून आलेल्या आणि न आलेल्याही अनेकांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केरळमधलं वेंबनाड सरोवर लहान होतंय ते निसर्गनियमाने, किनाऱ्यालगतची सरोवरं गाळाने भरतातच. पाण्यातून जी जमीन वर आली तिच्यावर भात पिकतो, मग नुकसान कसलं? तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याने खारं पाणी अडवून गोडं पाणी दिलं, हा तर फायदाच. आणि एवढी काळजी असेल तर गाळ उपसा, चिलिका सुधारलं तसं हेही सुधारेल.

मजकूर वाचायला पटतो, कारण त्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे. उरलेलं काय आहे ते पाहू.

"निसर्गाचंच काम आहे"

गाळ येतो, यात वाद नाही. पंबा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल, मुवाट्टुपुळा आणि उत्तरेला पेरियार अशा सहा नद्या सह्याद्रीची माती घेऊन इथे उतरतात. 1341 च्या पुरानंतर कोडुंगल्लूरचं जुनं बंदर गाळात गेलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं, असं मानलं जातं. म्हणजे हा किनारा कधीच स्थिर नव्हता.

पण उपग्रहाचा नकाशा उघडा आणि सरोवराच्या दक्षिण भागावर या. सरळ रेषा, काटकोन, एकाला एक चिकटलेले चौकोन दिसतील. त्या चौकोनांना नावं आहेत: चित्तिरा, मार्ताण्डम, राणी, आर ब्लॉक. नदी काटकोनात गाळ टाकत नाही. हे चौकोन भातशेतीसाठी माणसांनी केले आणि कसे केले तेही नोंदलेलं आहे. उथळ भाग बघून तळात माडाच्या खोडांच्या दोन रांगा ठोकायच्या. त्यांना बांबूच्या तट्ट्या बांधायच्या. मधल्या पोकळीत वाळू, झाडाच्या फांद्या आणि मजुरांनी बुड्या मारून तळातून काढलेला चिकट चिखल भरायचा. असा बांध चहूबाजूंनी जुळला की आतलं पाणी बाहेर फेकायचं, आधी पायाने चालवायच्या चक्रांनी, पुढे इंजिनांनी आणि 'पेट्टी-परा' नावाच्या लाकडी पंपाने. हे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं आणि इतकं वाढलं की 1903 मध्ये त्रावणकोर सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. ती बंदी पुढे उठवली गेली. निसर्गाला कोणी बंदी घालत नाही.

उत्तरेकडे तर शेतीचंही निमित्त नव्हतं. कोचीचं बंदर खोल करताना उपसलेल्या मातीतून बंदराचे अभियंते रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली 1920–30 च्या दशकांत विलिंग्डन बेट उभं राहिलं.

आता आकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरोवराचं क्षेत्र सुमारे 365 चौरस किलोमीटर होतं. केरळच्या मत्स्य आणि सागरी अभ्यास विद्यापीठाच्या पाहणीप्रमाणे 2020 पर्यंत ते सुमारे 206 वर आलं, आणि पाणी साठवण्याची क्षमता तर जवळपास 85 टक्क्यांनी घटली. क्षेत्रापेक्षा साठवण जास्त घटली, म्हणजे तळ वर आला, म्हणजे गाळ साचला. मग मजकूर बरोबर की काय? नाही. गाळ पूर्वीही येत होता. पण भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर खेळत असेल तर त्यातला काही भाग समुद्रात जातो. ते खेळणं कोणी थांबवलं, हे बंधाऱ्याच्या मुद्द्यात येईल.

"भात पिकतो, मग नुकसान कसलं"

या मुद्द्याबद्दल मला आदराने बोलायचं आहे, कारण त्यामागे खरी भूक होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला आणि त्रावणकोरला अन्नाची चणचण भासली. त्या काळात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जोसेफ मुरिक्कन या शेतकऱ्याने चित्तिरा, मार्ताण्डम आणि राणी ही शेतं सरोवरातून उभी केली. समुद्रसपाटीखाली भात पिकवण्याच्या कुट्टनाडच्या, म्हणजे सरोवरालगतच्या या सखल भागाच्या, पद्धतीला 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. तो मान रास्तच आहे. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभ्या राहिलेल्या मजुरांचा तो मान आहे.

पण समुद्रसपाटीखालची शेती एकदा करून भागत नाही. दरवर्षी बांधाची डागडुजी करायची, दरवर्षी पाणी उपसायचं. हे परवडेनासं झालं तेव्हा याच नावाजलेल्या शेतांपैकी चित्तिरा आणि राणी कित्येक वर्षं पाण्याखाली पडीक राहिली. सरोवर गेलं आणि भातही आला नाही, असा तो काळ. शिवाय सगळा भराव भातासाठी झाला, हेही खरं नाही. नेडियतुरुत्तु बेटावरचा कॅपिको रिसॉर्ट किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून बांधलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये तो पाडण्याचा आदेश कायम केला आणि 2022 मध्ये पाडकाम सुरू झालं. तिथे कोणतं पीक येणार होतं?

नुकसान मोजायचंच असेल तर ऑगस्ट 2018 चा पूर आठवा. पंबा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या चार नद्यांतून 15 ते 17 ऑगस्ट या तीन दिवसांत सुमारे 1.63 अब्ज घनमीटर पाणी आलं, आणि सरोवराची सामावून घेण्याची ताकद उरली होती जेमतेम 0.6 अब्ज. हे केंद्रीय जल आयोगाच्या अहवालात आहे. समुद्राकडे पाणी सोडण्यासाठी 1955 मध्ये बांधलेला तोट्टप्पळ्ळीचा सांडवाही ठरलेल्या क्षमतेच्या जवळपास पोचत नव्हता. मग ते पाणी कुट्टनाडच्या घरांत शिरलं. भरावाच्या फायद्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी खर्चाच्या बाजूला हेही लिहावं.

"बंधाऱ्याने गोडं पाणी दिलं"

मजकुरातला हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण गोडं पाणी म्हणजे चांगलं पाणी, हे आपण न तपासता मान्य करतो.

तण्णीरमुक्कमचा बंधारा 1970 च्या दशकाच्या मध्यात वापरात आला. सरोवराच्या कमरेत आडवा, सव्वा किलोमीटरहून लांब. पावसाळ्यानंतर नद्यांचा जोर ओसरला की समुद्राचं पाणी आत चढतं आणि पुंजा हंगामाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात जळतं. म्हणून डिसेंबरच्या मध्याला दारं बंद करायची आणि मार्चच्या मध्याला उघडायची, असं ठरलं. प्रत्यक्षात पेरण्या लांबतात, कापण्या लांबतात आणि दारं एप्रिल-मेपर्यंत बंद राहतात.

वेंबनाडमधल्या जिवांना ना पूर्ण खारं पाणी हवं, ना पूर्ण गोडं. त्यांना बदलतं पाणी हवं. मोठी निळ्या नांग्यांची कोळंबी घ्या, जिला तिथे आट्टुकोंजु म्हणतात. ती वाढते नद्यांच्या गोड्या पाण्यात. पोटाखाली अंडी धरलेली मादी मात्र पावसाळ्याच्या पाण्याबरोबर खाली निमखाऱ्या पाण्यात येते, कारण पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे निमखाऱ्या पाण्यातच जगतात. नखाएवढी झाली की ती पुन्हा वर, नद्यांकडे निघतात. नेमकी तेव्हा वाटेत दारं बंद असतात. बंधारा झाल्यापासून हिची पकड कोसळली, यावर मासेमारांचं आणि मत्स्यशास्त्रज्ञांचं एकमत आहे.

काळ्या शिंपल्यांचंही तसंच. मुहम्मा गावाच्या बाजूला माणसं पाण्यात उतरून त्या काढतात, काठावर चुलीवर उकळून मांस वेगळं करतात आणि कवचं चुन्यासाठी विकतात. त्यांच्या प्रजननाला खारेपणाचा चढ-उतार लागतो. दक्षिणेकडचं पाणी महिनोन्‌महिने एकसारखं राहिलं की तो मिळत नाही.

आणि खारं पाणी दरवर्षी फुकटात करत असलेली साफसफाई? जलपर्णी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. पूर्वी उन्हाळ्यात समुद्र वर चढला की तिचे थर मरून जायचे. आता बंद दारांआड ती फोफावते, पात्र अडवते, कुजून पाण्यातला प्राणवायू खाते. शेतातली कीटकनाशकं, खतं, हाऊसबोटींचं आणि गावांचं सांडपाणी याच साचलेल्या पाण्यात मुरतं. कुट्टनाडच्या लोकांना चहूबाजूंनी 'गोडं' पाणी असताना पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागतं. गोड्या पाण्याचा फायदा सांगणाऱ्यांनी त्यांना विचारावं.

"गाळ उपसा, चिलिकासारखं होईल"

चिलिकाचं उदाहरण खरं आहे, फक्त उलटं वाचलं जातं. ओडिशातलं ते सरोवर 1993 मध्ये धोक्यात आलेल्या रामसर पाणथळींच्या, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या पाणथळींच्या, यादीत गेलं. समुद्राशी जोडणारी वाट गाळाने अरुंद झाली होती, पाणी गोडं होत चाललं होतं, तण वाढत होतं. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदलं, खारं पाणी पुन्हा आत आलं, तण हटलं, मासे परतले आणि 2002 मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर पडलं. म्हणजे उपाय होता समुद्राला आत घेण्याचा, आणि उपसा झाला तो त्या वाटेसाठी. वेंबनाडमध्ये ती वाट आपण स्वतः काही महिने मिटतो. ती मिटलेली ठेवून नुसता तळ खरवडला तर गाळ पुन्हा तिथेच बसेल.

"मासेमार फार मासे पकडतात म्हणून मासे घटले" असाही एक शेपूट-मुद्दा या मजकुराला जोडलेला असतो. बारीक जाळी वाईटच. पण याच मासेमारांनी पाण्यात बांबू आणि फांद्या रोवून माशांसाठी राखीव निवारे केले आहेत आणि ते स्वतः राखतात. पिल्लांची वाट मात्र त्यांनी बंद केलेली नाही.

काय करता येईल हेही कुणी नव्याने शोधायची गरज नाही. ज्यांचं मूळ घराणं कुट्टनाडातल्या मंकोंबूचं, त्या एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने 2007 मध्येच कुट्टनाडसाठी आराखडा दिला आणि त्यातून 1,840 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. सगळ्या पाडशेखरांत, म्हणजे एका बांधातल्या सामायिक शेतांत, पेरणी ठरल्या वेळेत व्हावी आणि दारं कमी दिवस बंद राहावीत, हा त्यातला गाभ्याचा भाग. 2008 मध्ये केरळने भातजमीन आणि पाणथळ संवर्धनाचा कायदा केला. 2018 मध्ये त्यात दुरुस्ती करून भातजमिनींच्या सरकारी यादीत नसलेली जमीन शुल्क भरून इतर कामांसाठी वापरायची मुभाही दिली. आणि बंधाऱ्याची दारं कोणत्या तारखेला उघडायची, ते दरवर्षी अलप्पुळाच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरतं, एका बाजूला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला मासेमार बसलेले असताना.