इलेक्ट्रिक गाडी आणि आमचा भोसरीचा गाळा

परवा चाकणहून परतताना सिग्नलला माझ्या दोन्ही बाजूंना हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या होत्या. आवाज नाही, धूर नाही. नाशिक फाट्याला रोज धूर खाणारा माणूस मी, मला मनापासून बरं वाटलं. आणि त्याच वेळी पोटात गोळा आला, कारण आमचं घर व्हॉल्व्ह गाइडवर चालतं.

व्हॉल्व्ह गाइड म्हणजे बोटाएवढी नळी. इंजिनाचा व्हॉल्व्ह तिच्यातून वरखाली होतो. बाबांनी १९९४ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनवून द्यायचं काम, सुरू केलं. आज सहा मशीन आहेत, चौदा माणसं आहेत. इलेक्ट्रिक गाडीत व्हॉल्व्हच नाही. पिस्टन नाही, रिंग नाही, कॅमशाफ्ट नाही, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर नाही. भोसरी-तळवड्यात एक फेरी मारा, किती शेडची चूल याच मालावर पेटते ते कळेल.

‘भारतात इलेक्ट्रिक चालणार नाही’ असं आमच्यातलेच काही जण अजून म्हणतात. मला ते पटत नाही. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. फोक्सवॅगनने त्याच वर्षाच्या शेवटी जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचा करार केला. आणि लांब कशाला, महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या आपल्या चाकणलाच बनतात. हे थांबणार नाही, थांबूही नये.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरच्या शाफ्टची, म्हणजे फिरत्या दांड्याची, चौकशी आली. ड्रॉइंग बघून मशीन लावून देणारे आमचे सेटर मामा खूश झाले. पेट्रोल इंजिन सहा हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या, पुढे फारसं जात नाही, ही मोटर पंधरा हजारांवर फिरते. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीकशी शिट्टीसुद्धा गाडीत ऐकू येते. म्हणजे टॉलरन्स, मापात चालणारा फरक, अजून घट्ट. मामांनी आहे त्याच ग्राइंडरवर चार सँपल काढले. दर वेळी ग्राइंडरचं चाक घासून नीट करायचं, शाफ्ट पुसायचा, मायक्रोमीटर लावायचा, परत दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश, घासून काढायचे. तीन दिवस तेच. चारातले तीन पास झाले! पण पुढची अट नवीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारा) ग्राइंडर आणि शाफ्ट फिरताना थरथरू नये म्हणून तोल बघणाऱ्या बॅलन्सिंग मशीनची. बँकेने ऑर्डर मागितली, कंपनीने आधी मशीन दाखवा म्हणून सांगितलं. काम हातचं गेलं.

म्हणजे कौशल्य होतं, भांडवल नव्हतं. सरकारची मदत कुणाला मिळते? केंद्राने २०२१ साली वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी, योजना आणली. तिच्यात सुटे भाग बनवणाऱ्या जुन्या उद्योगाला बसायचं तर समूहाची उलाढाल किमान ५०० कोटी हवी. पाचशे कोटी! आमच्या अख्ख्या गल्लीची उलाढाल एकत्र केली तरी तिथे पोचणार नाही. गाडी घेणाऱ्याला जीएसटी पाच टक्के, एक्स्प्रेस वेवर टोल माफ. जरूर द्या, मी विरोधात नाही. पण ज्यांच्या जॉबवर पुण्याचा वाहनधंदा उभा राहिला, त्यांना काय?

आम्हाला फुकट काही नको. भोसरीत एक सामाईक ग्राइंडिंग आणि बॅलन्सिंग सेंटर उभं करा, तासाचे पैसे आम्ही देऊ. सँपल पास झाल्याचा रिपोर्ट दाखवला तर मशीनचं कर्ज मिळेल, एवढी हमी घ्या. आणि हे आत्ता करा, इंजिनाच्या मालाची ऑर्डर अजून येतेय तोवर. मामा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांच्या हाताखाली सध्या दोन पोरं शिकतायत, आणि त्यातला एक मला परवाच विचारत होता, “दादा, आपण शाफ्टचं काम परत मागायचं का?”

ते तीन शाफ्ट तेल लावून, कागदात गुंडाळून मी ऑफिसच्या कपाटात ठेवलेत.